दोन बोटं सैल वीण

पौषातलं ऊन. कोवळं, केशरी, अलगद पावलांचं. येवल्याच्या कौलांवरून ते उतरतं आणि अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या रेशमाच्या लडींमधून गाळून ओसरीवर येतं. निळ्या लडीखाली निळं, डाळिंबी लडीखाली डाळिंबी, हिरव्या लडीखाली पोपटाच्या पंखाएवढं हिरवं. सकाळचे दोन तास ओसरी अशी रंगांनी शिंपलेली असते.

त्या रंगांत एक खाट आहे. खाटेवर अनसूया आहे. आणि अनसूयेच्या उजव्या गुडघ्यात दुखणं आहे.

अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. पाळण्यात नाव ठेवणाऱ्यांना बासष्टावं वर्ष कुठून दिसणार?

गुडघ्याच्या मधोमध वीतभर व्रण, जांभळट, तकतकीत, स्पर्शाला ऊन. व्रणाच्या एका अंगाला कातडी बधिर, दुसऱ्या अंगाला इतकी हळवी की पातळाचा काठ घासला तरी कळ उठावी. कार्तिकात जुना सांधा काढून धातूचा बसवला. आता पौष अर्धा सरला. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणतात, सांधा उत्तम बसलाय, बाकीचं हळूहळू. सांधा बसला हे खरं, पण दुखणं काही उठायला तयार नाही.

सकाळी ते करडं असतं, ताठरलेलं, राखेखालचं. दुपारी लाल होतं. सांजेला जांभळं, दाट, जड. जन्मभर रंग हाताळलेल्या बाईला वेदनाही रंगांतच दिसते. आजार हत्तीच्या पावलांनी येतो नि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. अनसूयेची मुंगी वाटेत कुठेतरी साखर खात बसली असावी.

ओसरीला लागून एक भिंत. भिंतीपलीकडे मागाची खोली. आणि त्या खोलीतून, ऊन वर आलं की, आवाज येतो. खट्. खट्. खट्.

तो आवाज कुमुदचा.

कुमुद तिची धाकटी जाऊ. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा धोटा कुठल्या हातानं फेकायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. अनसूयेनं तिला शेजारी बसवून शिकवलं. ताण्याचे उभे धागे कसे जोखायचे, रंगारंगांचं रेशीम गुंडाळलेल्या इवल्या तिल्ल्या बोटांत कशा खेळवायच्या, मोराची मान कुठे वळवायची आणि फणी किती जोरानं ठोकायची. सगळं शिकवलं. शिकवताना हातचं राखलं नाही, याचं आता तिला वाईट वाटत होतं.

कारण आता कुमुद अनसूयेच्या मागावर बसली होती. मागाखालच्या अनसूयेच्या खड्ड्यात पाय सोडून, पायांखालच्या अनसूयेच्या पावड्या दाबत, अनसूयेनं अर्ध्यावर सोडलेला पदर विणत होती.

या घरात एक रीत होती. साडीला हात एकच. ज्यानं पहिला आडवा धागा ठोकला, त्यानंच शेवटचा ठोकायचा. हात बदलला की ठोक बदलतो, ठोक बदलला की वीण बदलते, आणि जिथे वीण बदलते तिथे कापडावर एक रेघ उमटते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. विणकराच्या बोटाला ती डोळे मिटूनही लागते.

साडी नाशिकच्या एका मुलीच्या लग्नाची. तिच्या आईचा शालू अनसूयेनंच विणला होता, म्हणून मुलीनं सांगून पाठवलं होतं की पैठणी अनसूयाबाईंच्याच हातची हवी. अंग विणून झालं, काठ झाले, पदराला सुरुवात झाली आणि गुडघ्यानं घात केला. दोन महिने माग चादरीखाली झाकून पडला. लग्न माघात. शेवटी पौष लागताच कुमुदनं हात जोडून विचारलं आणि अनसूयेनं मान हलवली. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होती?

तेव्हापासून तिला एकाच गोष्टीचा ध्यास होता. ती रेघ. रेघ दिसली तर साडी बिघडली. रेघ दिसली नाही तर अनसूया संपली. आणि खरं सांगायचं तर, तिला साडी बिघडलेलीच हवी होती.

खट्. खट्. भिंतीला कान लावून ती दोष शोधी. हा ठोक हलका पडला. हा उशिरा पडला. पण ठोक हलका पडत नव्हता, उशिराही पडत नव्हता. तो अगदी तिच्यासारखाच पडत होता, आणि त्यानंच तिचा तिळपापड होई.

कुमुद उठे तेव्हा आवाज होत नसे. कुमुद बसे तेव्हा कशाचा आधार लागत नसे. पाणी आणायला ती दोन पायऱ्या एकदम उतरे, सांडलेली तिल्ली उचलायला चटकन उकिडवी बसे. अनसूया बघत राही. त्या गोल, नि:शब्द, आज्ञाधारक गुडघ्यांकडे बघत राही. एकदा तर कौलांवरून उडी मारणाऱ्या मांजराच्या गुडघ्यांकडेही तिनं तसंच पाहिलं. गुडघ्यात दुखत होतं खरं, पण त्याहून जास्त पोटात दुखत होतं.

त्यात सगळी सेवा कुमुदच करी. सकाळ-संध्याकाळ बर्फाची पिशवी तीच लावी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि दहा आकडे होईपर्यंत सोडायचा नाही, हा व्यायाम तीच करून घेई. एक, दोन, तीन, असं ती मोजी, आणि सातावर अनसूयेचे डोळे भरले तरी दहापर्यंत नेई. जो आपलं करतो त्याचा हेवा करणं फार अवघड असतं. अनसूया ते अवघड काम रोज, नेमानं, मन लावून करीत होती.

मग आठवडे बाजाराचा दिवस आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून, उठू नका असं बजावून, कुमुद बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडली.

अनसूया उठली.

ओसरीपासून मागापर्यंत अठरा पावलं. काठी, डावा पाय, उजवा पाय. काठी, डावा पाय, उजवा पाय. प्रत्येक उजव्या पावलाला दुखण्याची लाल ठिणगी. दारात ती थांबली. छताच्या झरोक्यातून उन्हाचा तिरपा झोत सरळ मागावर पडला होता, आणि त्या झोतात, जरीच्या अथांग पिवळ्या सरोवरात, मोर उभे होते. नीलकंठ, रत्नपिच्छ, डौलदार, एकामागून एक.

जमिनीवर बसायचं नाही अशी सक्त ताकीद होती. तिनं एकावर एक तीन पाट रचले, खांबाला धरून त्यांवर टेकली, आणि सरकत, ओठ चावत, दोन्ही पाय खड्ड्यात सोडले. बसली. अडीच महिन्यांनी ती आपल्या जागी बसली. पायांखाली पावड्या ओळखीच्या निघाल्या, गुळगुळीत, तिच्याच तळव्यांनी झिजलेल्या.

पुढच्या आडव्या लाकडावर गुंडाळलेलं कापड तिनं एक वेढा उलगडलं. डोळे मिटले. उजव्या हाताची तर्जनी कापडावर ठेवली आणि हळूहळू, धाग्याधाग्यानं, फिरवली.

घट्ट. घट्ट. घट्ट. आणि मग सैल.

सापडली. दोन बोटं रुंदीची, सैल, दुबळी, धापा टाकणारी वीण. तिनं डोळे उघडले. तेवढ्या पट्ट्यातून झरोक्याचा उजेड आरपार जात होता. अनसूयेला आनंद झाला. लख्ख, निर्लज्ज, पोरकट आनंद झाला. अडीच महिन्यांत गुडघा पहिल्यांदा विसरला गेला.

असं कापड माझ्या नावावर जाणार नाही, तिनं स्वतःला सांगितलं. सगळं उसवायचं. त्या सैल पट्ट्यापर्यंत मागे जायचं. तिनं सुई घेतली आणि सर्वांत ताज्या मोराच्या मानेपासून सुरुवात केली.

उसवायलाही पावडी दाबावी लागते. धागे उघडावेत, सुईनं आडवा धागा उचलावा, ओढावा. पुन्हा पावडी. पुन्हा धागा. प्रत्येक धाग्याला गुडघ्यातून एक जाळ मांडीपर्यंत चढे. तरी ती थांबली नाही. मोराची मान तुकड्यातुकड्यानं विरत गेली. निळे धागे मांडीवर जमत गेले. मत्सराला इतकी ताकद असते हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दारात सावली पडली. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. कुमुद बघत राहिली. उसवलेली मान, निळ्या धाग्यांचा गुंता, घामानं निथळलेली जाऊ. अनसूयेला झटकन उठता येईना. चोर पकडला गेला होता आणि पळायला गुडघाच नव्हता.

“ताई, खाली उतरलात कशा?” कुमुदनं विचारलं. आता ती मोराकडे नाही, गुडघ्याकडे बघत होती.

अनसूयेनं सैल पट्ट्यावर बोट आपटलं. “हा हात कुणाचा?”

कुमुदनं पिशवी ठेवली. ती मागाला वळसा घालून डाव्या काठापाशी गेली, जिथे अनसूयेचा हात पोचत नव्हता, नजरही गेली नव्हती. वाकली. काठातून तिनं एक इवलंसं लाल टोक नखानं वर काढलं. लाल धाग्याची गाठ.

“मी बसले त्या दिवशी हा बांधला,” ती म्हणाली. “याच्या अलीकडचं तुमचं. पलीकडचं माझं.”

सैल पट्टा अलीकडे होता.

उन्हाच्या झोतात रेशमाची बारीक कुसं तेवढी तरंगत राहिली. अनसूयेला दवाखान्याआधीचे ते आठ दिवस आठवले. सुजून टम्म झालेला गुडघा, अर्धीच दबणारी पावडी, अर्धेच उघडणारे धागे, आणि ठोकताना जीव चोरणारा हात. तेव्हा तिला कळलं होतं. कळलं होतं आणि तिनं ते कापडाबरोबर गुंडाळून टाकलं होतं.

तिनं पुन्हा बोट ठेवलं. आता ते लाल गाठीच्या रेषेवरून पलीकडे नेलं. रेघ नव्हती. कुमुद पहिल्या धाग्यापासून घट्ट ठोकत बसली नव्हती. अनसूयेच्या दुखऱ्या हाताइतकंच सैल ठोकून तिनं सुरुवात केली होती. मग किंचित कमी सैल. मग आणखी किंचित. चार बोटं कापड जाईपर्यंत तिनं वीण अशी अलगद, धाग्याधाग्यानं, आवळत नेली होती. पायरी कुठेच नव्हती, सगळा उतार होता. दुखऱ्या गुडघ्याला लागतो तसा.

असं करायला अनसूयेनं तिला शिकवलं नव्हतं. असं अनसूयेलाही येत नव्हतं.

आता गुडघ्यांचा हेवा अगदीच किरकोळ वाटला. हा नवा हेवा खोल होता, शुद्ध होता, आणि त्याला लपायला जागाही नव्हती. पंधरा दिवसांवर लग्न, आणि या घरातला सर्वांत सुंदर मोर तिनं आपल्या हातानं उसवला होता.

“मला तुझा हेवा वाटतो, कुमुद,” ती म्हणाली. “रोज वाटतो. तू मोजतेस तेव्हासुद्धा वाटतो.”

कुमुद तिच्या उजव्या बाजूला बसली, आवाज न करता, आधार न घेता. मांडीवरचा निळा गुंता तिनं आपल्या ओच्यात घेतला आणि सोडवू लागली. “मग बावीस वर्षं मी या मागाकडे काय म्हणून बघत होते, असं वाटलं तुम्हाला?”

गुंता सुटत आला. मग कुमुदनं निळ्या रेशमाची नवी तिल्ली भरून जावेच्या तळहातावर ठेवली. मान तुम्ही भरा, म्हणाली, पावड्या मी बघते. सैल पट्ट्याचं काय करायचं तेही तिनं विचारलं. दिवस कमी आहेत, पण उसवायचं तर आजच ठरवू, म्हणाली.

अनसूया त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. तिच्या हातचं हवं होतं ना त्या मुलीला? तिच्या हातचं तेच होतं. बाकीचं कुणालाही साधलं असतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “ते माझंच आहे.”

आणि माग पुन्हा सुरू झाला. दोन बायकांचा, एका साडीचा, घराच्या रीतीत न बसणारा. बोटं अनसूयेची, पाय कुमुदचे. थोड्या वेळानं अनसूयेनं आपलं उजवं पाऊल कुमुदच्या पावलाशेजारी, त्याच पावडीवर ठेवलं. कुमुदनं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातावर लाल ठिणगी उडाली. आठ, नऊ, दहा. खट्.

दुखणं गेलं नाही. हेवाही गेला नाही, शेजारच्या त्या नि:शब्द गुडघ्याकडे डोळा मधूनच वळत होता. पण मोराची मान वर येत होती. निळी, निळ्याहून निळी, धाग्याधाग्यानं, ठोक्याठोक्यानं.

झरोक्यातलं ऊन कलंडलं. सोनेरी कापडावरून सरकत, मोरांवरून सरकत, ते त्या दोन बोटं सैल विणीवर आलं, आणि तिथून, फक्त तिथूनच, आरपार खाली झिरपलं. खाली खड्ड्यात पातळ वर सरकलेलं, व्रण उघडा. पौषातलं ते कोवळं ऊन त्या व्रणावर येऊन टेकलं, आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिलं.