शिशाची गोराई

चीनमधल्या ग्वेलिन गावच्या हुइन्यांगला एकुलती एक मुलगी, तान्यून. सतरा वर्षांची, नाकीडोळी नीटस, भरतकामात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण रंग सावळा! एवढ्याशा गोष्टीपायी किती घरांतल्या आयांची झोप उडते, ते आपण सगळेच जाणतो.

फांगांचं स्थळ आलं, तेव्हा मध्यस्थीण म्हणाली, "घर खाऊनपिऊन सुखी आहे. पण सासूबाईंना सून तांदळासारखी पांढरी हवी. एक गोरेपण तीन व्यंगं झाकतं, असं म्हणतात ना!"

त्या दिवसापासून हुइन्यांगने लेकीला हाताशी धरलं. दोऱ्याने कपाळावरची लव काढायची, भुवया उपटून कोळशाने नव्या रेखायच्या आणि शिशाची पांढरी पूड सकाळ-संध्याकाळ चेहऱ्यावर, मानेवर थापायची. दोन दिवसांत धुतल्या तांदळासारखा रंग दिसू लागला. आई खूश झाली. चार-पाच महिन्यांनी पोरीचं पोट दुखू लागलं, जेवण जाईना, सुईत दोरा ओवताना बोटं थरथरू लागली.

"धास्ती आहे लग्नाची," हुइन्यांग म्हणाली.

बघण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नणंद क्वेई मदतीला आली. ती विधवा. तान्यूनच्या हातातून वाटी पडली तशी क्वेई उठली आणि म्हणाली, "तोंड उघड गं, बाळ."

मुलीच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती.

"वहिनी, ही रेघ मी ओळखते. आमच्या ह्यांच्या तोंडात पाहिली होती. नऊ वर्षं पूड करायच्या भट्टीवर होते. मालक कामगारांना कुत्र्याचं मटण खायला घालायचा, दारू पाजायचा. म्हणे, शिशाचं विष उतरतं! उतरलं नाही ते, वहिनी. माझं कुंकू घेऊन गेलं."

"ते भट्टीतलं!" हुइन्यांग फणकारली. "आजी-पणजीपासून बायका लावतायत, मीही लावते. काय झालं त्यांना?"

"आरसा घे. तुझ्या हिरड्या बघ."

हुइन्यांगने पितळेचा आरसा दाराच्या उजेडात धरून ओठ वर केला. काळी रेघ! तिच्याही तोंडात तीच! वर्षानुवर्षं हातपाय दुखतात, ते वयाने नव्हे तर! आणि तेच विष आपण स्वतःच्या हातांनी पोरीला चोपडलं!

"पण उद्या त्या सासूबाई काय बघायला येणार?" ती रडवेली झाली.

"जी आहे ती! पोरगी जगली तर संसार करेल ना?"

हुइन्यांगने पाणी तापवलं आणि लेकीचं तोंड स्वतः धुतलं. पूड तिने परसात खोल पुरली.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई फांगबाई आल्या. चेहरा भिंतीसारखा पांढरा. मुलीकडे पाहून त्यांनी मध्यस्थिणीला विचारलं, "हिला गोरी म्हणाला होतात?"

"सावळीच आहे," हुइन्यांग शांतपणे म्हणाली. "मीच फसवणार होते तुम्हाला."

फांगबाईंनी चहाचा पेला उचलला. तो बशीवर खडखडला. हुइन्यांगचं लक्ष गेलं. नकार तोंडावर आला असतानाही तिला त्या बाईचा राग आला नाही.

"ताई, राग मानू नका. पोटात कळा येतात का तुमच्या? बोटं थरथरतात का?"

फांगबाई उठून चालत्या झाल्या. स्थळ मोडलं. गावात चार दिवस चर्चा झाली, आणि काहींनी हुइन्यांगला वेड्यात काढलं.

तान्यूनला जेवण जायला लागलं. बोटं पूर्ण स्थिरावायला मात्र वर्ष गेलं.

स्थळ मोडल्यावर पंधरवड्याने मध्यस्थीण पुन्हा आली होती. हुइन्यांगला वाटलं, नवं स्थळ असेल.

"नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "फांगबाईंनी पाठवलंय. त्या नणंदबाई कधी भेटतील, विचारलंय. औषध काय घ्यायचं म्हणतायत."

क्वेई आतून म्हणाली, "औषध माझ्याकडे नाही. आधी ते थापणं बंद करा म्हणावं. आणि या म्हणावं, सोबत बसू."

लेकीच्या रंगाला आपण नावं ठेवतो, तेव्हा ती विषही आनंदाने तोंडाला लावते, कारण तिला आपल्याला आवडायचं असतं. म्हणून, आयांनो, सासवांनो, मुलगी बघायला जाल तेव्हा तिचा रंग पाहू नका. ती पोटभर जेवते का, मोकळी हसते का, तेवढं पाहा!