जावई पुढे का गेला

इम्रिखचा जावयावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. तीस हिवाळे तो तात्रा पर्वतातल्या वरच्या निवाऱ्यावर पाठीवरून माल पोचवत आलेला, आणि हा ब्लाझेय कालपरवा या धंद्यात उतरलेला. त्यात निवाऱ्याच्या मालकिणीनं, ओतिलियाबाईनं, पुढल्या वर्षापासून एकच हमाल ठेवीन असं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून जावयाचं गोड बोलणंसुद्धा इम्रिखला कडू लागायचं.

आज दोघांच्या पाठीवर लाकडी चौकटी होत्या, त्यांना आंबवलेल्या कोबीची पिंपं बांधलेली. घळीपाशी ब्लाझेय थबकला. रात्रभर वाऱ्यानं या अंगाला बर्फ लोटलाय, पायाखाली दोनदा पोकळ धप्प झालंय, म्हणजे तो सुटायला आलाय, धारेवरून वळसा घालू, असं त्याचं म्हणणं. वळसा म्हणजे दोन तास जादा. म्हाताऱ्याला दमवायचा बेत आहे तर, इम्रिखनं ताडलं.

"जावईबापू, भीती वाटत असेल तर घरी चूल सांभाळा."

ब्लाझेयनं ते गिळलं. "बरं. पण एकेकानं जायचं, पट्टे सैल करून. मी पुढे होतो. तुमचं यंत्र अंगावर आहे ना, बाबा?"

गाडला गेलेला माणूस कुठे आहे ते सोबत्याच्या यंत्राला कळवणारं यंत्र अंगावरच हवं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण ओझ्याच्या पट्ट्याखाली ते छातीला काचतं, म्हणून जुने हमाल ते चौकटीलाच टांगत. इम्रिखनंही टांगलं होतं.

"मला शिकवतोस? आहे अंगावर."

पुढे जायची ही घाई कशासाठी, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. ओतिलियाबाईच्या दारात आधी पोचायचं होतं गड्याला. ब्लाझेयनं पलीकडे पोचून हात केला, तसा इम्रिख निघाला. तो मधोमध असतानाच बर्फात तडा धावत गेला.

त्यानं चौकट झटकली. बर्फानं त्याला फरफटत नेऊन एका खडकाआड छातीपर्यंत रोवलं. चौकट थेट तळाशी गेली. माथ्यावर अजून निम्मा बर्फ लटकत होता, आणि तो केव्हाही सुटला असता.

खाली ब्लाझेय आपलं यंत्र हातात धरून, त्याच्या खुणेमागे धावत आला आणि खणू लागला. पिंप निघालं. म्हातारा त्याच्या खाली आहे असं समजून तो आणखी खोल खणत राहिला, बाबा बाबा करत. इम्रिखला जन्मात स्वतःची एवढी लाज वाटली नव्हती.

"मी इथं वर आहे," तो ओरडला. "यंत्र चौकटीला होतं. खोटं बोललो मी. तू पळ तिथून, वरचा बर्फ येईल."

ब्लाझेयनं मान वर करून माथ्याकडे पाहिलं. आडोशाचा कडा त्याच्यापासून दहा पावलांवर होता. त्यानं फावडं उचललं आणि तो सरळ इम्रिखच्या दिशेनं चढू लागला. इम्रिख मागे फिर, मागे फिर म्हणून रडत ओरडत राहिला, आणि जावई त्याला शिव्या घालत वर येत राहिला.