शिशाचं पीस

विज्ञानाच्या बाईंनी त्या पंपासाठी काय काय नाही केलं? मेला जुनाट पंप, हवा ओढायचा कमी आणि बोंबलायचा जास्त. बाईंनी तो खोलला, घासला, रबरी कडं बदललं, सांध्यांना ग्रीस चोपडलं. घरच्यांची बोलणी खात सगळ्या सुट्ट्या प्रयोगशाळेत घालवल्या. कारण संस्थेचे अध्यक्ष येणार होते. त्यांना पटलं तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर ती मोडून तिथे कार्यालय थाटणार.

प्रयोग साधाच. माणसाएवढी उंच काचेची नळी, आत एक नाणं आणि एक पीस. नळी उलटी केली की नाणं टणकन खाली येतं आणि पीस आपलं रमतगमत. मग पंपाने आतली हवा काढायची आणि पुन्हा उलटी करायची. आता पिसाला अडवायला हवाच नाही, त्यामुळे दोघं जोडीने खाली. जड वस्तू आधी पडते हे जन्मभराचं खूळ तिथल्या तिथे उतरतं. आदल्या संध्याकाळी बाईंनी करून पाहिलं होतं, अगदी चोख झालं होतं.

अध्यक्ष आले, मागोमाग चार सभासद आणि मुख्याध्यापक. हे मुख्याध्यापक म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ. लहानपणी बहिणीची गणितं न मागता सोडवून ठेवायचे. ती खोड मोठेपणीही गेली नव्हती.

आधी हवेत बघा, पीस मागे राहील, असं सांगून बाईंनी नळी उलटी केली. पीस नाण्याच्या खांद्याला खांदा लावून खाली आलं. पंप अजून सुरूसुद्धा झाला नव्हता.

हवा असतानाच बरोबर पडतंय तर पंप हवा कशाला, असं अध्यक्षांनी विचारलं आणि सभासद फिदीफिदी हसले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. झाकण काढून त्यांनी पीस हातावर घेतलं. दांडीत शिशाची तार खुपसलेली होती. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली फक्त भावाकडे असायची, आणि भाऊ आता स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. इथे सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, तोही मायेपोटी. आणि अक्कल बघा, हवा काढल्यावर काय होईल एवढाच विचार केला. आधी हवेतही दाखवतात, हे ध्यानातच नाही.

खिडकीत पारव्याचं एक पीस पडलं होतं. बाईंनी ते उचललं, सगळ्यांसमोर फुंकून उडवून दाखवलं, नळीत टाकलं, पंप लावला. हवा काढून नळी उलटी केली. नाणं आणि पीस एकाच वेळी तळाला लागलं. कुठे कणभर फरक नाही.

"यातही घातलं असेल काहीतरी," अध्यक्ष म्हणाले आणि चहाला निघाले. सभासदांपैकी एक तर जाता जाता खोलीची लांबी-रुंदी विचारत होता.

भाऊही सटकायला बघत होता. बाईंनी दार लावून घेतलं.

"पंप ऐन वेळी दगा देईल असं वाटलं गं," तो म्हणाला. "तुझी फजिती होऊ नये म्हणून केलं."

"आदल्या दिवशी ये, बघ, म्हणून किती विनवलं होतं तुला. आलास?"

बाईंनी त्याला नळीपाशी ओढलं.

"धर नळी. उलटी कर."

त्याने केली. पीस आणि नाणं जोडीने पडलं. त्याने जन्मात पहिल्यांदाच ते धड पाहिलं असावं, कारण तो नळीला नाक लावून बघत राहिला.

"खरंच पडतं की गं," तो पुटपुटला.

"परत कर," बाई म्हणाल्या.

बाहेर कपबशा वाजत होत्या. त्याने नळी पुन्हा उलटी केली, आणि बाईंनी त्याला थांबू दिलं नाही.