परतीचा दम

नूतनला माधुरीशी पुन्हा कुस्ती नको होती, एवढंच खरं. गेल्या हंगामात माधुरीनं तिला अख्ख्या भोर गावासमोर चितपट केलं होतं. दोघीही सत्तावन्न किलोच्या गटातल्या. म्हणून नूतनला आता वजन उतरवून त्रेपन्नात जायचं होतं. कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका शेफाली मॅडमनी एकच अट घातली: अंगात उतरवण्याजोगी चरबी असेल तरच.

ती मोजायला पाण्याची टाकी होती. वर काटा, त्याला टांगलेली खुर्ची. खुर्चीत बसायचं, छातीतली सगळी हवा सोडायची आणि डोकं बुडवून गप्प राहायचं. हाडं-मांस पाण्यातही वजन दाखवतात, चरबी तरंगू बघते. आत राहिलेली हवाही तरंगवते, आणि मग चरबीचा आकडा फुगून खोटा येतो.

पासली गावाहून वडील आनंदरावही आले होते. पोरीला पाण्यात बुडवणार म्हटल्यावर त्यांचा पाय घरात ठरेना.

नूतन बुडाली, वर आली. "अठ्ठावीस टक्के?" मॅडम चकित झाल्या. "सगळी हवा सोडलीस ना?"

सवयीनं बरीच आत राहिली होती, हे नूतनच्या तेव्हाच ध्यानात आलं. पण आयतं हातात आलेलं कोण सोडतं? "व्हय मॅडम," ती म्हणाली.

आनंदरावांना राहवलं नाही. "सगळी कशी सोडंल? धरणात पवायला म्याच शिकवलंय तिला. अर्धा दम परतीला राखायचा!" मिशीवर ताव मारत त्यांनी लेकीच्या बेतावर पाणी फिरवलं.

मॅडमनी नूतनला पुन्हा खुर्ची दाखवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती परत खुर्चीत बसली, आणि या वेळी पाण्याखाली छाती पार रिकामी केली.

बुडबुडे थांबले, तसा आनंदरावांचा धीर सुटला. पोरगी हलत नव्हती. मॅडमनी आकडा टिपला न टिपला तोच ते टोपी-पायजम्यासकट टाकीत!

दोघं बाहेर निघाली तेव्हा निम्मं पाणी फरशीवर होतं. मॅडमनी हिशेब केला. पंधरा टक्के. "उतरवायला काही नाही, नूतन. खेळायचं तर सत्तावन्नातच."

नूतनचे डोळे भरून आले. "ती मला परत पाडंल, आबा."

आनंदराव टोपी पिळत होते. "म्या काठावर उभा राहून भ्यालो. तू पाण्यात रिकाम्या छातीनं बसलीस, हललीसुदिक न्हाईस. आन् त्या पोरीला भितीस व्हय?"

नूतननं नाक पुसलं. "लिवा सत्तावन्न," ती मॅडमना म्हणाली.