सातवा आल्याशिवाय

लग्नाआधी वर्षाने ते सातही सुपरहिरो मोबाइलवर एकेकटे पाहून अगदी पाठ केले होते. आता सातही जण एकाच सिनेमात, आणि तो पांढरकवड्यात लागलेला! शामने तिकिटं काढली, पण तीन. तिसरं त्याच्या आईचं. भुरीबाई म्हणजे लमाणांच्या तांड्यावरची कडक बाई. ती अर्ध्यातून उठली, तर सहा महिन्यांची नवी सून मागे कशी बसणार? आणि वर्षाला तर शेवटच्या नावांनंतरचा तुकडाही बघायचा होता. खरी गंमत तिथंच असते, हे चाहत्यांना सांगावं लागत नाही.

दिवे गेले आणि सासूची सरबत्ती सुरू झाली.

"हा उडून राह्यला तो कोन?"

"याडी," तांड्याच्या बोलीत वर्षा सासूला आई म्हणायची, "हा आधीच्या सिनेमात..."

"आधीचं राहू दे. काम काय याचं, ते सांग."

वर्षाने सांगितलं. हा पुढे जाऊन वाट शोधतो, ती आग लावते, तो लंगडणारा मिस्त्री सगळ्यांची हत्यारं दुरुस्त करतो. "बस, समजलं," म्हणून भुरीबाई जी गप्प झाली, ती मध्यंतरातही जागची हलली नाही.

सिनेमा संपला. नावं चढू लागली, लोक उठले, शाम गाडी काढायला गेला, झाडूवालाही आत आला. थांबा म्हणायचं कसं? सासूकडे तिनं आजवर काही मागितलंच नव्हतं. मन मारून ती उठली.

"काहून उठून राह्यली? बेस!" भुरीबाईने मनगट धरून तिला खाली बसवलं. "सहाच आले. मिस्त्री त्या पडलेल्या पुलाखाली राह्यला."

"पिच्चर संपला, मावशी," झाडूवाला म्हणाला.

"संपला कसा? माहा आजा बैलांवर मीठ घेऊन फिरे. मुक्कामावर मोजणी होये. एक जरी मागं असला, तं कोणाची चूल पेटत नोती."

झाडूवाला मागच्या रांगेकडे वळला. वर्षा सासूला खेटून बसली. नावं संपली, पडदा काळा झाला, आणि पुलाखालच्या दगडांतून एक हात वर आला.

वर्षा किंचाळलीच. भुरीबाईचा जीव भांड्यात पडला.

"झाले सात. तुले बी थांबाचं होतं ना? मंग बोलली काहून नाही?"

वर्षाने डोळे पुसले आणि हसली.

"याडी, मले भजे पाहिजे. गरम."