खालच्या ओळीतला फोटो

सुलाबाई खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी फ्लेक्समध्ये भाजीची सुरी खुपसली. गल्लीत मांडव घातला होता, पुण्यानुमोदनाला भन्तेजी यायचे होते, आणि मेलेल्या पोराची आईच श्रद्धांजलीचा फ्लेक्स फाडत होती. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

वर थोरल्याचा, संघर्षचा, हसरा चेहरा होता. त्याला त्या हात लावणार नव्हत्या. सहा दिवसांपूर्वी, सकाळी अकरा वाजता, पानटपरीसमोर त्याला कोयत्यांनी तोडलं होतं. दुसऱ्या टोळीच्या गल्लीत पावडर विकली म्हणून. तीसेक माणसं बघत होती. त्याची तीन बोटं नंतर कुणीतरी कॅरीबॅगेत घालून आणून दिली. सुलाबाईंची सुरी चालली होती ती खालच्या ओळीवर. तिथे ‘शोकाकुल’ म्हणून वाल्मीकभाई आणि त्याच्या टोळीतली पोरं ओळीने छापली होती, आणि शेवटचा फोटो त्यांच्या धाकट्याचा होता. एकोणीस वर्षांचा बुद्धभूषण, काळा गॉगल लावून.

"आई, उतर खाली. भाई बघतायत."

"तुझा फोटो कुणी दिला यांना?"

"मीच दिला."

त्याने मनगट पिरगाळून त्यांना खाली ओढलं. तोल सावरायला त्यांनी त्याची कंबर धरली, तर शर्टाखाली हाताला लोखंड लागलं.

"आजच?"

"दादाला तोडलं त्यांनी. मी काय बांगड्या भरू?"

वाल्मीक खांबाला टेकून शांतपणे चहा पीत होता. मांडव त्याचा, जेवण त्याचं, अमरधामातली चितेची लाकडंसुद्धा त्याचीच. सातपूरची कंपनी बंद पडली आणि नवरा, भिमाजी, अंथरुणाला खिळला, तेव्हा दारात पिठाची गोणी टाकणाराही हाच एक होता. नातेवाईक म्हणू नका, मतं मागणारे म्हणू नका, कुणी फिरकलं नव्हतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, सुलाबाईंनीही वाजवली. संघर्ष त्याच्यामागे हिंडू लागला तेव्हा त्या पोळ्या लाटत गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याची त्यांना आता किळस येत होती.

त्या घरात गेल्या. मोरीपाशी बसून त्यांनी डाव्या हातावर सुरी ओढली. पहिल्यांदा नुसता ओरखडा उठला, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. दुसऱ्यांदा त्यांनी दात आवळले. रक्त कोपरापर्यंत ओघळलं तेव्हा पदर गुंडाळून, मागच्या दाराने, त्या जवळजवळ पळतच चौकीवर गेल्या.

"पोराने मारलं मला. भूषणने. आत्ताच्या आत्ता उचला त्याला, साहेब. कमरेला कोयता पण आहे."

हिरामण हवालदाराने पदर सोडवून जखम पाहिली. मग बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं.

"उचलतो, मावशी. पण एक कोयता अन् एवढीशी जखम. तुमच्या संघर्षला आम्ही किती वेळा आणलं, आठवतंय ना? वाल्मीकचा वकील उद्या दुपारी सोडवून नेईल."

"उद्या सुटला तर परवा मारेल. नाहीतर मरेल."

"हाफ मर्डर, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा असता तर लवकर सुटला नसता. पण हे त्यात बसत नाही."

बाहेर मांडवातल्या भोंग्यावर वंदना सुरू झाली. सुलाबाईंनी रक्ताळलेला हात टेबलावर सरळ ठेवला.

"हाफ मर्डरला किती खोल लागतं, साहेब?"