पेटी आमच्याकडं हाय

उत्तरेश्वर पियानोखाली उताणा पडला होता, नुसते पाय बाहेर. लातूरच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात दूध संघाचे चेअरमन सुंदरराव त्या पायांकडे बघत ताटकळले होते. दारात पिकअप येऊन लागली होती.

"काका, एवढं काय बघताव? लई येळ झाला."

उत्तरेश्वर आत चाचपत होता. त्याच्या हाती वायरींचा एक जुडगा लागला होता, आणि त्याचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

हार्मोनियम, रेडिओ, माईक, जे म्हणून आवाज करतं ते सगळं वडवणीत हाच माणूस दुरुस्त करायचा. दूध संघाच्या वसतिगृहात सकाळची प्रार्थनासुद्धा अठरा वर्षं त्याच्याच पेटीवर होत आली होती. वसतिगृह ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांचं. दुष्काळाचं तिसरं वर्ष, त्यामुळे आईबाप दसऱ्याआधीच कोयते घेऊन गेलेले आणि पोरं दुप्पट झालेली. त्यातच टँकरच्या गर्दीत पाइपाचा लोखंडी आकडा उत्तरेश्वरच्या हातावर पडला आणि उजव्या करंगळीशेजारचं बोट कायमचं ताठलं. तरी तो तसाच वाजवत राहिला. बोलावलेला नवा संगीत शिक्षक पाण्याचे हाल बघून आठवड्यात पळाला. मग सुंदररावांनी हा आपोआप वाजणारा जुना पियानो शोधून काढला. आणि तो घ्यावा की नाही हे सांगायला सोबत आणलं कुणाला, तर उत्तरेश्वरलाच! तालुक्यात दुसरं कुणाला त्यातलं कळणार होतं?

आता नुसतं तोंड मिटून बसलं की झालं. पियानो वडवणीला जाईल, मुका बसेल, आणि प्रार्थना पुन्हा आपल्याच पेटीवर. हा विचार त्याच्या मनात आला, खोटं कशाला सांगा. पण जुनं वाद्य पारखून दिलेला त्याचा शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"साहेब," त्याने खालूनच डॉक्टरांना विचारलं, "पेटी कुटंय?"

"पेटी? वडवणीत हाय की. तुमचीच!" सुंदररावच मधे बोलले.

डॉक्टर गोंधळले. "मी फोनवर विचारलं होतं, पेटी पाठवू का म्हणून. तुम्हीच म्हणालात, पेटी नको, आमच्याकडं आहे."

"मंग हायच की!" सुंदरराव ठासून म्हणाले.

उत्तरेश्वर कपाळाला हात लावत बाहेर आला. "आवो, बाजाची पेटी न्हाई. ह्याची पेटी म्हंजी ह्याचा मेंदू. तिच्याबिगर हे आपसूक वाजंल कसं? दुसऱ्या कंपनीची बी लागत न्हाई ह्याला. ह्याचीच पायजे."

डॉक्टरांनी माळ्यावरून धुळीने माखलेली पेटी काढली. उत्तरेश्वरने ती जोडली. वाद्य अमेरिकेतून आणलेलं, एकशेदहा व्होल्टवर चालणारं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आठवणीने मागून घेतला. गाण्यांची फ्लॉपी घातली आणि आवाज अगदी बारीक ठेवला. जोरात सगळ्याच पट्ट्या गुणी असतात, दुबळी पट्टी हळू वाजवतानाच उघडी पडते. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या त्याने एकेक ऐकल्या. दोन अडखळत होत्या, त्या तिथल्या तिथे साफ केल्या.

"घ्या साहेब. माल चोख हाय."

"मंग लावा की प्रार्थना!"

"प्रार्थना नाही हो यात," डॉक्टर म्हणाले. "सगळी विलायती गाणी. पण कुणी एकदा वाजवून दाखवलं, तर हा जसंच्या तसं ध्यानात ठेवतो. हे तांबडं बटण दाबायचं."

सुंदररावांनी उत्तरेश्वरकडे बघितलं. उत्तरेश्वरने हात धोतराला पुसले आणि तो स्टुलावर बसला. डॉक्टरांनी बटण दाबलं.

पहिला सा त्याने तीनदा वाजवला, कारण रांगा धरायला पोरांना तेवढा वेळ लागतो. मग प्रार्थना. एका ठिकाणी ताठलेलं बोट पट्टीपर्यंत पोचलं नाही आणि एक सूर राहून गेला. बटण पुन्हा दाबल्यावर पट्ट्या आपल्याआप खाली जाऊ लागल्या, आणि त्या जागी एक पट्टी जागची हललीच नाही.

"काका, एक सूर ऱ्हायला," सुंदरराव हळूच म्हणाले. "परत वाजवताव का?"

"ऱ्हाऊ द्या. बोट गेल्यापासनं पोरं तितं दम घेत्यात."

सोमवारी वसतिगृहाच्या पत्र्याखाली पियानो वाजू लागला. उत्तरेश्वर हात मागे बांधून शेवटच्या रांगेत उभा होता. तीनदा सा झाला, रांगा सरळ झाल्या, पोरं गाऊ लागली. ती जागा आली. सगळ्या पोरांनी एकदम दम घेतला.

त्याच्यापुढची एक पोरगी टाचा उंचावून रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. ती मागे वळली.

"काका, कोन वाजवायलंय वो?"

"मीच की," उत्तरेश्वर म्हणाला. "पुढं बघ."